मायनर लॅटिन पोएट्स, भाग १ : पब्लिलियस सिरससाठी घेतलं, आठ महिने वाचतेय

आधीच सांगते, हे पुस्तक मी एकाच माणसासाठी घेतलंय, पब्लिलियस सिरस, गुलाम म्हणून विकायला आणलेला आणि पुढे रोममध्ये गाजलेला नाटककार. आत बाकीचे पण कवी आहेत, शिकारी कुत्र्यांवर लिहिणारा ग्रॅटियस आहे, एटना ज्वालामुखीवर एक अख्खी कविता आहे, मेंढपाळांची गाणी लिहिणारा कॅलपर्नियस आहे, पण ते मी फक्त चाळलेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. हा रिव्ह्यू पहिल्या साधारण शंभर पानांचा, म्हणजे पब्लिलियस सिरसचा. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

झालं असं की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार येतात, फुलांच्या फोटोवर लिहिलेले, त्यात एक दिवस आलं "लगेच देतो तो दोनदा देतो - पब्लियस सायरस". सायरस वाचून दोघातिघांना वाटलं कोणी पारशी गृहस्थ असतील. मला ते वाक्य दिवसभर सुटेना, कारण त्याच आठवड्यात मी एका नातेवाइकाला पैसे द्यायला उगाच आठ दिवस लावले होते आणि त्याची तोवर फार ओढाताण झाली होती. घरी येऊन शोधत बसले तर कळलं की नाव पब्लियस नाहीच, पब्लिलियस आहे, शेकडो वर्षं लोक चुकीचं लिहीत आले आणि १८६९ साली वोल्फलिन नावाच्या जर्मन अभ्यासकाने काढलेल्या आवृत्तीपासून ते नीट रुळलं. आणि सिरस म्हणजे सिरियाचा. गुलामाला रोमन लोक कुठून आणला त्या गावादेशावरून हाक मारायचे, तसलं हे नाव. ते समजलं आणि मग ठरवलंच की याचं मूळ काय ते हातात घेऊन बघायचं.

पुस्तक लोब क्लासिकल लायब्ररीचं, हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही छोटी, हातात मावणारी, पक्क्या बांधणीची पुस्तकं असतात, लॅटिन असेल तर लाल कव्हर, ग्रीक असेल तर हिरवं, उघडलं की डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्लिश भाषांतर, ओळीला ओळ. हे जे. वाइट डफ आणि आर्नल्ड डफ या बापलेकांनी केलंय, पहिल्यांदा १९३४ साली आलं, तेव्हा एकच जाडजूड पुस्तक होतं, नंतर त्याचे दोन भाग केले. आपल्याला हवा तो भाग १, मालिकेतला नंबर २८४. भाग २ मागवाल तर त्यात पब्लिलियस नाहीये, तेवढं बघून ऑर्डर करा. मला दोन हजारांच्या वर पडलं. पार्सल आलं तेव्हा एक कोपरा दबलेला होता, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवलेलं, बबल रॅप नाही की पुठ्ठा नाही, मी विकणाऱ्याला फोटो पाठवून तक्रार केली पण बदलून घेत बसले नाही कारण तोवर प्रस्तावना वाचायला घेतली होती. कागद मस्त आहे, पातळ पण मागचं दिसत नाही, शिवण पक्की आहे, आठ महिने रोज लोकलमध्ये बॅगेतून नेऊन एक पान सुटलेलं नाही.

आता माणूस. इसवी सनाच्या आधीचं पहिलं शतक, सिरियातल्या अँटिओकहून एक जहाज इटलीला आलं. रोमन लेखक थोरला प्लिनी याने त्याच्या निसर्गावरच्या मोठ्या ग्रंथात पस्तिसाव्या भागात याची नोंद केलीय, आणि कशाच्या निमित्ताने, तर खडूच्या! वेगवेगळ्या जातीची पांढरी माती कशाकशाला वापरतात ते सांगत असताना तो म्हणतो की समुद्रापलीकडून विकायला आणलेल्या गुलामांचे पाय खडूने पांढरे करायचे, म्हणजे बाजारात गिऱ्हाइकाला लांबूनच कळावं हा बाहेरचा माल आहे. आणि मग तो नावं घेतो, की आपल्या वाडवडिलांनी असे पांढऱ्या पायांचे कोण कोण उतरलेले पाहिलेत, त्यात हा पब्लिलियस, त्याचा भाऊबंद ज्योतिषी मॅनिलियस आणि व्याकरण शिकवणारा स्टॅबेरियस इरॉस, तिघं एकाच जहाजातले. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. यातला इरॉस पुढे रोममध्ये मास्तर झाला आणि ब्रूटस आणि कॅशियस, म्हणजे ज्यांनी सीझरला मारलं ते दोघं, त्याच्या हाताखाली शिकले. आणि पब्लिलियसला त्याच सीझरने भर थिएटरात पहिला नंबर दिला. एका जहाजातून उतरलेली, पायाला खडू फासलेली माणसं.

तो सुटला कसा त्याची गोष्ट मॅक्रोबियस नावाच्या लेखकाने बऱ्याच नंतर, पाचव्या शतकात लिहून ठेवलीय. पोरगा होता तेव्हा त्याला मालकाच्या मालकाकडे, म्हणजे वरच्या बड्या साहेबाकडे नेलं. अंगणात एक जलोदर झालेला गुलाम उन्हात पडला होता. साहेब म्हणाला, हा काय करतोय रे तिथे? पोरगा म्हणाला, पाणी तापवतोय. साहेब खूश. मग जेवताना विषय निघाला की त्रासदायक विश्रांती कोणती, जो तो आपापलं डोकं चालवतोय, हा म्हणाला, गाऊट, म्हणजे सांधे ठणकायचा आजार, झालेल्याचे पाय. या अशा हजरजबाबीपणावर आणि दिसायला देखणा होता त्यावर त्याला गुलामीतून मोकळं केलं आणि नीट शिकवलं. मला तो जलोदराचा विनोद ऐकून हसू आलं नाही, आजारी माणसावर केलेला आहे, तोही आपल्यासारख्याच गुलामावर. पण तो पोरगा कुठे उभा होता ते पण बघा ना, एका वाक्यात साहेबाला हसवता आलं तर आयुष्य बदलणार होतं, नाही तर परत कुठल्या तरी अंगणात. मला वाटतं त्याची सगळी लिखाणाची पद्धत तिथेच ठरली, कमीत कमी शब्द आणि शेवटच्या शब्दावर वार.

मोकळा झाल्यावर तो माइम लिहायला आणि त्यात स्वतः काम करायला लागला. माइम म्हणजे मूक अभिनय नव्हे, ही रोमन लोकांची लोकनाट्याची तऱ्हा, मुखवटा नाही, उंच बूट नाहीत, अनवाणी पायांनी नाचायचं, बायकांची कामं बायकाच करायच्या, आणि बरंचसं उभ्याउभ्या रचून बोलायचं. आपल्याकडे वगात सोंगाड्या जसा तिथल्या तिथे जुळवून बोलतो ते ज्याने पाहिलंय त्याला लगेच अंदाज येईल. इटलीच्या गावागावात याने नाव कमावलं आणि मग सीझरच्या खेळांच्या वेळी, इ.स.पू. ४६-४५ च्या सुमाराला, रोममध्ये येऊन रंगभूमीवरच्या सगळ्यांना आव्हान दिलं, या, विषय द्या, समोरासमोर रचू. सगळे हरले. त्यात डेसिमस लाबेरियस पण होता, साठीचा, सरदार वर्गातला माणूस, ज्याला सीझरने पाच लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, देऊन स्वतः स्टेजवर उभं राहायला लावलं होतं. सरदाराने स्टेजवर नाचणं म्हणजे इज्जत गेली. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. मग त्याने काय केलं, गुलामाचं सोंग घेऊन स्टेजवरून ओरडला की नागरिकहो, आपण स्वातंत्र्य गमावतोय, आणि थोड्या वेळाने म्हणाला, ज्याला पुष्कळजण भितात त्याला पुष्कळांना भ्यावंच लागतं. आणि सगळ्या थिएटरने माना वळवून सीझरकडे बघितलं.

सीझरने निकाल दिला पब्लिलियसच्या बाजूने, म्हणाला लाबेरियस, मी तुझ्या बाजूचा असूनही तुला सिरियावाल्याने हरवलं. लाबेरियसला पैसे आणि सोन्याची अंगठी देऊन परत सरदारकीत घेतलं. तो बिचारा सरदारांच्या राखीव चौदा रांगांमध्ये बसायला गेला तर कोणी जागा देईना, नामांकित वक्ता आणि राजकारणी सिसेरो म्हणाला दिली असती हो, पण मीच दाटीवाटीने बसलोय, त्यावर हा म्हणाला नवल आहे, तू तर नेहमी दोन खुर्च्यांवर बसतोस, म्हणजे दोन्ही बाजूंना धरून असतोस. मी हे सगळं एवढं लांबण लावून सांगतेय कारण माझ्या मते हेच माहीत नसेल तर पब्लिलियसची वाक्यं नुसती सुविचार वाटतात. ती सुविचार नाहीयेत. ती डायलॉग आहेत. कोणीतरी सोंग घेतलेल्या माणसाने, भर गर्दीसमोर, समोरच्या सोंगाला मारलेले टोले आहेत. नाटकं सगळी गेली, एकही पूर्ण उरलं नाही, कोण कोणाला कधी बोलला ते काही कळत नाही, फक्त या सुट्या ओळी लोकांनी उतरवून ठेवल्या म्हणून वाचल्या, सातशेच्या वर.

त्या कशा वाचल्या तेही भारी आहे. पोरांना शाळेत घोकायला सोप्या जाव्यात म्हणून पहिल्या अक्षरावरून लावल्या, ए पासून पुढे. सेंट जेरोमने एका पत्रात म्हटलंय की हे वाक्य मी लहानपणी शाळेत वाचलेलं, आणि ते वाक्य होतं, ज्याची सवय लागू दिलीस त्यावरून मग रागावणं अवघड. मध्ये कधीतरी हस्तलिखितांचा एन नंतरचा भाग गळाला, तिथे कोणीतरी रोमन तत्त्वज्ञ सेनेका याच्या नावावर चालणारी गद्य वाक्यं भरून टाकली, मग सगळं पुस्तकच सेनेकाची वचनं म्हणून फिरायला लागलं. खुद्द सेनेकाला मात्र हा माणूस फार आवडायचा, एका पत्रात तो लिहितो की गरिबाला पुष्कळ गोष्टींची कमी असते, लोभ्याला सगळ्याचीच, ही ओळ थिएटरात ऐकली की पैशाला हपापलेले लोकसुद्धा टाळ्या वाजवतात, आपल्यालाच शिव्या पडतायत याचा आनंद होऊन. नंतर १५१४ साली इरॅस्मस या डच विद्वानाने याची आवृत्ती काढली. आणि १८०२ साली निघालेल्या एडिनबरा रिव्ह्यू या मासिकाच्या कपाळावर याचीच ओळ होती, गुन्हेगार सुटला की न्यायाधीश दोषी ठरतो.

आता प्रत्यक्ष वाचन. मला लॅटिन येत नाही म्हटलं तरी चालेल, पण शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत होतं आणि ते इथे इतकं उपयोगी पडतं की मजा येते. ग्रुपवर आलेलं ते वाक्य मुळात असं आहे, "इनोपि बेनेफिकिउम बिस दात क्वि दात केलेरितेर". दात म्हणजे देतो, आपलं ददाति, एकाच मुळातलं. बिस म्हणजे दोनदा, संस्कृतमधलं द्विस्, तेही भावंडंच. आणि पहिलाच शब्द बघा, इनोपि, म्हणजे गरजवंताला, चतुर्थी आहे. म्हणजे मूळ वाक्य "लगेच देतो तो दोनदा देतो" एवढंच नाहीये, "गरजवंताला जो झटपट देतो तो त्याच्यावर दोनदा उपकार करतो" असं आहे. फिरता फिरता नेमका गरजवंतच गळून गेला आणि उरलं ते कुठल्याही गिफ्टच्या जाहिरातीला चालेल असं वाक्य. माझे ते आठ दिवस मला त्या एका शब्दाने जास्त लागले. डाव्या पानावर मूळ असण्याचा फायदा तो हा.

अक्षरावरून लावल्यामुळे अजून एक होतं, जे मला आधी खटकलं आणि मग आवडायला लागलं. ए मध्ये प्रेम, कारण अमोर, अमारे, अमान्स सगळे ए चे, प्रेम करणं आणि शहाणपणाने वागणं हे देवालासुद्धा क्वचितच जमतं, वगैरे. बी मध्ये उपकार, बेनेफिकिउम, बेनेफिकिउम, पानभर उपकारच उपकार, आणि तिथेच मध्ये येतं की उपकार घेणं म्हणजे स्वातंत्र्य विकणं. कोण बोलतंय हे? जो खरोखर विकला गेला होता तो. पुढे एम मध्ये आहे, दुसऱ्याच्या मर्जीवर जगणं यासारखं वाईट काही नाही. आता ही वाक्यं कुठल्या पात्राच्या तोंडी होती कोणाला माहीत, कदाचित हसण्यावारी नेलेली असतील, पण लिहिणाऱ्याच्या पायावर खडू होता हे मला विसरता येत नाही.

माझी सगळ्यात लाडकी ओळ एच ची. "हेरेदिस फ्लेतुस सुब पेर्सोना रिसुस एस्त". वारसाचं रडणं म्हणजे मुखवट्याआडचं हसू. शब्दांची मांडणी बघा, रडणं सुरुवातीला, हसणं शेवटी आणि बरोब्बर मधोमध मुखवटा. मी वर सांगितलं ना माइममध्ये मुखवटा नसायचा, म्हणजे हे वाक्य उघड्या चेहऱ्याचा नट बोललाय, रडणाऱ्या दुसऱ्या उघड्या चेहऱ्याकडे बोट करून. हे मी आमच्या आत्याला वाचून दाखवलं, आत्या ऐंशीच्या पुढे आहे, दुपारी मटार सोलत बसली होती. मी मराठीत सांगितल्यावर मान वर न करता म्हणाली, "अगं मग आपल्यात नाही का, सासू मेली ठीक झाले, घरदार हाती आले." आणि पुढची शेंग उचलली. मग म्हणाली, "पण तुझ्या त्या माणसाने रडणं पण दाखवलं बघ, आपल्या म्हणीत सून रडत पण नाही." मी इतकं वाचूनही हा फरक मला दिसला नव्हता. तेव्हापासून रविवारी आत्याला पाचसहा ओळी वाचून दाखवायच्या असं ठरून गेलंय, आणि खरं सांगते, या पुस्तकाची एवढी मजा मला एकटीने वाचताना आली नव्हती.

अजून दोनतीन सांगतेच. एका केसालासुद्धा स्वतःची सावली असते. ही ओळ मी डेस्कवर चिकटवलीय. नशीब काचेचं असतं, चमकतं तेव्हाच फुटतं. दुसऱ्यांदा जहाज बुडालं तर समुद्रदेवाला दोष देऊ नये. आजचा दिवस कालच्या दिवसाचा विद्यार्थी. आणि ही, वाटेत गप्पिष्ट सोबती म्हणजे बसायला गाडीच मिळाली. हे गावोगाव पायी हिंडलेल्या नटानेच लिहावं. डोंबिवलीहून रोज ७:३८ ला निघणाऱ्या आमच्या डब्यातल्या बायकांना मी ही ऐकवली तर सगळ्यांना एकदम पटली, कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता अर्धा स्टार का कापला. एक म्हणजे इंग्लिश भाषांतर. डफ बापलेकांचं काम विद्वत्तेचं आहे, पण भाषा १९३४ ची, काही ठिकाणी यमक जुळवायला किंवा म्हणीसारखं वाटावं म्हणून मूळ सहा शब्दांचे चौदा शब्द झालेत, आणि या माणसाचं तर सगळं बळच आखूडपणात. त्यामुळे उजवं पान वाचून थांबू नका, डावीकडे बघा, शब्द मोजा. दुसरं म्हणजे तळटीपा कमी आहेत, कुठली ओळ सेनेकाने घेतली, कुठली गेलियस या दुसऱ्या रोमन लेखकाने, हे अजून सविस्तर हवं होतं असं मला वाटलं.

आणि एक गोष्ट पुस्तकाची नाही, पब्लिलियसचीच आहे, पण सांगितली पाहिजे. बायकांबद्दलच्या ओळी. बाई एक तर प्रेम करते नाही तर द्वेष, तिसरं काही नाही. बाई एकटी विचार करते तेव्हा वाईटच विचार करते. या ओळी वाचताना मला राग आला आणि तो राग मी घालवणार नाहीये. नाटकात त्या कुठल्यातरी खवट म्हाताऱ्याच्या किंवा फसलेल्या नवऱ्याच्या तोंडी असतील, पुढच्याच वाक्याला एखाद्या बाईने त्याला गप्प पण केलं असेल, पण ते पुढचं वाक्य कोणी उतरवून ठेवलं नाही. आणि पंधराव्या शतकात चेटकिणी शोधून मारायचं जे कुप्रसिद्ध पुस्तक निघालं त्यात या ओळी सेनेकाच्या नावावर, शहाण्या माणसाचं मत म्हणून पुरावा दिल्यासारख्या वापरल्या गेल्या. डायलॉगला सुविचार केलं की काय होतं ते इथे दिसतं. म्हणून पोरांना हे पुस्तक देणार असाल तर आधी नाटकाची गोष्ट सांगा आणि मग द्या.

ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी, १८५६ सालचं डॅरियस लायमन नावाच्या अमेरिकन माणसाचं इंग्लिश भाषांतर नेटवर फुकट मिळतं, त्याने नावातच "एक रोमन गुलाम" असं लिहिलंय ते मला आवडलं. वाचायला सोपं आहे, पण शेजारी लॅटिन नाही, आणि गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही हे वाक्य त्यात आहे ते या लोबमध्ये तुम्हाला सापडणार नाही, मी दोनदा शोधलं. नेटवर पब्लिलियसच्या नावाने जे फिरतं त्यातलं पुष्कळ असं आहे, म्हणून कुठलंही वाक्य स्टेटसला टाकायच्या आधी लोबच्या डाव्या पानावर आहे का बघायची मी स्वतःला सवय लावलीय.

वाचायचं कसं म्हणाल तर एका बैठकीत अजिबात नाही. वीसेक ओळींनंतर डोकं बधिर होतं, सगळं एकसारखं वाटायला लागतं. मी रोज चारपाच घेते, प्रत्येक ओळीला एक माणूस लावून बघते, हे सासरा बोलला असेल की नोकर, कोणाकडे बघून, हसून की दात ओठ खाऊन. काही ओळी दोन वेगळ्या माणसांना लावल्या की अर्थच उलटा होतो. संकटात सापडलेल्याला बोल लावणं हा क्रूरपणा, ही ओळ बोल खाणारा म्हणाला तर विनवणी आणि तिसराच कोणी म्हणाला तर ठणकावणं.

संस्कृत झालेलं असेल, नाटकाची आवड असेल, म्हणी गोळा करायचा नाद असेल, तर नक्की घ्या, आणि विकणाऱ्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवायला आधीच सांगा. मी आता एन वर आलेय, जिथे ती जुनी हस्तलिखितं तुटली होती तिथे. आत्याला सांगितलं तर म्हणाली पुढचं पण मिळालं ना मग, वाच की.